तुळसाबाईचा हात

"गाळलंस," नीलाआत्या म्हणाली.

"काय गाळलं?"

"मढ्यानं पाटलाच्या पोटात हात घातला, इथवर वाचलंस. मग एकदम उजाडलंच कसं? मधे काय झालं?"

मध्ये पाटलाची आतडी निघाली होती. चांगली पानभर निघाली होती. आणि ते पान मी मागच्या पानासकट गुपचूप उलटून टाकलं होतं, कारण मला रक्त सोसत नाही. बघायला तर नाहीच, वाचायलाही नाही. शिवणाचे क्लास घेते मी, पण बोटात सुई गेली की क्लासच्या मुली मला पाणी आणून देतात.

"आत्या, दुपारची वेळ आहे. आत्ताच जेवलोय आपण."

"मी नाही का जेवले? वाच. आणि घाई करू नकोस, शब्द न् शब्द वाच."

काय करता! मागं आले आणि पाटलाची आतडी वाचली. आत्या डोळे मिटून ऐकत होती. आतडी उंबऱ्यापर्यंत आली तसं तिनं "अगं बाई बाई बाई!" केलं, आणि इतक्या समाधानानं केलं की जणू कुणाचं तरी बारसंच चाललंय. मग मूठभर फुटाणे तोंडात टाकले आणि म्हणाली, "हं, आता उजाडू दे."

ही माझी आत्या, नीलांबिका उंबरजे. सत्तरी ओलांडलेली. आम्ही लिंगायत. घरात कांदा-लसूण चालतो, पण अंड्याचं नाव काढलेलं आत्याला खपत नसे. शेजारच्या पोराच्या वाढदिवसाचा केक ती "यात अंडं नाही ना?" असं दोनदा विचारून घ्यायची आणि तरीही खायची नाही. डास मारला तर "शिवशिव" म्हणायची. अशा बाईला दवाखान्याच्या कॉटवर पडल्यापडल्या आतड्यांची गोडी लागली होती, आणि ती पुरवायला देवानं नेमकी मला धाडली होती.

बार्शीतला दवाखाना. खिडकीजवळची कॉट. आत्याला साखरेचा आजार जुना, नजरही त्यानंच अधू झालेली. नव्या चपलेनं उजव्या पायाचं बोट चावलं, तिनं हळद दाबली, कुणाला सांगितलं नाही. बोट काळं पडलं तेव्हा कुठं घरात कळलं. बोट काढलं. जखम भरेना. आता काळेपणा पावलावर चढला होता आणि डॉक्टर राऊळ रोज सकाळी पट्टी सोडून बघायचे आणि रोज त्यांचा चेहरा थोडा आणखी उतरायचा.

पुस्तक सापडलं ते कॉटशेजारच्या खणात. आधीचा पेशंट सोडून गेला असणार. 'मुंडक्यांची वेस.' कव्हरवर एक कुऱ्हाड, कुऱ्हाडीवरून ठिबकणारं लालभडक काहीतरी, आणि कुऱ्हाड धरणारा हात सुरकुतलेला. मी ते दोन बोटांत धरून कचऱ्याच्या डब्याकडे निघाले होते.

"काय आहे ते?"

"काही नाही गं, फालतू आहे. भुताखेताचं. कुणीतरी तुळसाबाई नावाची म्हातारी मढी मारते म्हणे."

"म्हातारी?" आत्या उशीवरून उठली. "म्हातारी मारते? तिला कुणी मारत नाही?"

"मागं तसंच लिहिलंय."

"किती वर्षांची?"

"बहात्तर."

"वाच," आत्या म्हणाली. मी तिच्यासाठी बसवण्णांच्या वचनांचं पुस्तक आणलं होतं, ते पिशवीतच राहिलं.

तर अशी ती तुळसाबाई. आटलेल्या तळ्यातून मढी वर येतात, गावातली तरणीताठी माणसं एकतर पळतात नाहीतर फाडली जातात, आणि ही बाई एकटी गावात उरते. पुस्तक सुरू होतं तेच मुळी तिच्या नवऱ्याच्या चितेपासून. चिता पेटलेली, आणि नवरा तीवर उठून बसतो. लोक पळतात. तुळसाबाई एक जळतं लाकूड उचलून त्याला पुन्हा आडवा करते आणि म्हणते, "जन्मभर मधेच उठायची खोड, आता तरी नीट पडा." हे वाचलं तेव्हा आत्या अशी खदखदून हसली की सिस्टर धावत आली. चार महिन्यांत आत्याला हसताना मी पाहिलं नव्हतं. खरं सांगते, त्यापायी मी वाट्टेल तेवढी मढी वाचली असती.

तुळसाबाईचे गुडघे दुखायचे. एकेक मुंडकं उडवलं की ती पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळायची आणि मग पुढच्या मढ्याकडे निघायची. आत्याला ते फार आवडे. "बघ, लिहिणाऱ्याला कळतंय हो. नाहीतर म्हातारी म्हणली की बसवली जपमाळ देऊन कोपऱ्यात."

पण डॉक्टर आले की हीच आत्या भिंतीकडं तोंड करायची.

"आजी, पाय वाचवायची वेळ गेली. आता तुम्हाला वाचवायचंय. गुडघ्याखाली कापू. गुडघा ठेवतो तुमचा, शब्द देतो. पण लवकर ठरवा, विष वर चढतंय."

"नको."

"भूल देतो आजी, काही कळणार नाही."

"कळायचं काय त्यात? नको म्हणलं की."

बस्स. नको. का नको, ते नाही. आम्ही सगळ्यांनी आपापल्या परीनं समजूत काढून बघितली. मी तिला जयपूर फूटचे गुण सांगितले. सुनेनं नातवाची शपथ घातली. तिचा मुलगा चनबसप्पा, म्हणजे आमचा चन्नूदादा, त्याचं हार्डवेअरचं दुकान; दिवसभर लोखंड विकणारा माणूस, पण आईपुढं उभा राहिला की मेण व्हायचा. तो नुसता विनवायचा. "अव्वा, ऐक की गं." आत्या उशीत तोंड घालायची. दुखण्याला भिते, कापायला भिते, असंच आम्ही धरून चाललो होतो. दुसरं काय धरणार?

त्या दिवशी पाटलाची आतडी संपवून मी जिन्यात आले तर चन्नूदादा उभा. डोळे लाल.

"मंगल, डॉक्टर म्हणतात परवापर्यंत. त्याच्या पुढं ते हात लावणार नाहीत. तिला घरी न्या म्हणतात."

मी कठडा धरला.

"आणि तू," तो म्हणाला, "तू तिला तिकडं मुंडकी न् मांस वाचून दाखवतीस. आधीच कापायला घाबरतीय ती. तुला काही वाटतं का?"

"तिला आवडतंय रे दादा. तीच वाचायला लावते."

"आवडतंय! लहान पोराला मातीपण आवडते, म्हणून चारायची का? उद्या ते पुस्तक मी खिडकीतून फेकणाराय, सांगून ठेवतो."

मला राग आला, पण त्याची आई मरत होती. अशा वेळी माणूस ज्याच्या-त्याच्या अंगावर येतो.

पुस्तक मी घरी घेऊन आले. पुढं काय आहे ते आपण आधी पाहून ठेवावं म्हटलं. चहा ठेवला, पान उघडलं, आणि चहा उतू गेला. पुढच्याच प्रकरणात तुळसाबाईला मढं चावतं. डाव्या मनगटाला. चावलं की काळी रेघ वर चढायला लागते, आणि ती काळजापर्यंत पोचली की माणसाचं मढं होतं, असा त्या पुस्तकातला कायदा. तुळसाबाई रेघेकडं बघते. मग हात उंबऱ्यावर ठेवते आणि कुऱ्हाड उजव्या हातात घेते.

आता आली का पंचाईत! वाचावं तर तिचं स्वतःचंच दुखणं तिच्या तोंडावर मारल्यासारखं. गाळावं तर ती पकडणार. आणि एकहाती तुळसाबाई पुढच्या पानावर कुठून आली म्हणून सांगू? शिवाय मनात एक वेडी आशा होती. कुणाला हसू येईल, पण होती. आमचं कुणाचं नाही, डॉक्टरांचं नाही, निदान या बाईचं तरी ऐकेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले तर चन्नूदादा कॉटशेजारी स्टूलवर बसलेला. मी पुस्तक काढलं तसा त्यानं हात पुढं केला.

"दे इकडं."

"चन्नू," आत्या म्हणाली, "हात मागं घे. आणि बस. ऐकलंस तर तुलापण जरा अक्कल येईल."

आईच ती. तो बसला.

मी वाचायला घेतलं. मढं चावलं, काळी रेघ चढली. चन्नूदादा माझ्याकडं असा बघायला लागला की पुस्तकाआधी मलाच खिडकीतून फेकील.  फुटाण्याची वाटी आत्यानं बाजूला सारली. कुऱ्हाड वर गेली, तसा माझा आवाज चिरकायला लागला, कानात गुणगुण सुरू झाली. पण नेटानं वाचलं. हाडाचा आवाज वाचला. पहिला घाव अर्धवट बसला ते वाचलं. दुसरा वाचला. तुळसाबाईनं लुगड्याचा काठ फाडून दातानं गाठ आवळली, कुऱ्हाड उचलली आणि 'आता या' म्हणून ती अंगणात उतरली. प्रकरण संपलं. मी घामानं भिजले होते.

 मग आत्या म्हणाली, "आणि हात?"

"कुठला हात?"

"तोडलेला गं. त्याचं काय केलं?"

मी पान पाहिलं. पुढचं पाहिलं. "काही लिहिलेलं नाही."

"लिहिलेलं नाही म्हणजे? उंबऱ्यावर पडलाय ना तो? मढ्यांनी नेला का? कुत्र्यानं नेला?"

"नाही गं लिहिलेलं. ती पुढं लढायला गेली."

"अशी कशी गेली?" आत्याचा आवाज चढला. "जन्मभर त्या हातानं भाकऱ्या थापल्या, पोरं धुतली, आणि तसाच टाकून गेली? केरासारखा? असं कुठं असतं का!"

मी थक्क. आतडी निघाली तेव्हा ही बाई फुटाणे खात होती. मुंडकी उडाली तेव्हा हसली. आणि आता हनुवटी थरथरत होती तिची. मला तिचं ते तोंड बघवेना. मी पटकन पान उलटलं.

"थांब, आहे आहे. इथं खाली आहे," म्हटलं, आणि डोक्यात येईल ते वाचल्यासारखं बोलत सुटले. "'तुळसाबाई मागे वळली. तिने हात उचलून पदरात गुंडाळला. परसात गेली. एका हाताने खड्डा खणला. हाताला विभूती लावली आणि नवऱ्याच्या समाधीशेजारी तो मातीआड केला...'"

"कुणाच्या शेजारी?"

"नवऱ्याच्या. समाधीशेजारी."

आत्यानं एक डोळा उघडला. "नवऱ्याला जाळलाय की गं तिच्या! पहिल्याच पानावर चिता पेटलीय. समाधी कुठनं आली? आणि विभूती? तुळसाबाई मधेच लिंगायत झाली होय?"

चन्नूदादाला हसू फुटलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी ओशाळून पुस्तक मिटलं. आमच्यात माणूस जाळत नाहीत. गेलेल्याला आंघोळ घालून, विभूती लावून, मांडी घालून बसवतात. तळहातावर त्याच्या गळ्यातलं लिंग ठेवतात, आणि तसंच बसलेलं मातीआड करतात. लहानपणापासून तेच पाहिलेलं, तर माझ्या तोंडून दुसरं निघणार काय!

"पुस्तकात नाही ना ते?" आत्यानं विचारलं.

"नाही."

"पण बरोबर आहे," ती म्हणाली. "तसंच करायला पाहिजे होतं."

आणि रडायला लागली. हळू नाही, चांगली हुंदके देऊन. चन्नूदादा घाबरून उठला. तिनं त्याचा हात धरला.

"चन्नू, माझ्या पायाचं काय करतील रे हे?"

"म्हणजे?"

"कापल्यावर. कुठं टाकतील? मागं उकिरडा आहे दवाखान्याचा, खिडकीतनं दिसतंय की कुत्री फिरताना. माझा पाय तिथं जायचा. आणि मी गेले की मला बसवणार कशी तुम्ही? तुझ्या अप्पांना बसवलं तेव्हा मी बघितलंय. अशी झकास मांडी घातली होती, जेवायला बसल्यासारखी. मी मांडी कशाची घालू? एका पायानं मांडी होते का? मग टाकणार मला कुशीवर ओंडक्यासारखं. त्यांच्या शेजारी मी अशी, पसरलेली." तिनं डोळे पुसले. "त्यापरीस आत्ताच जाते. आहे त्या दोन पायांनी."

बाई गं! महिनाभर आम्ही तिला भूल समजावत होतो.

"अव्वा," चन्नूदादा म्हणाला, "एवढंच होतं तर बोलली का नाहीस?"

"काय बोलू? मरणाचं तोंडातनं काढलं की तुम्ही सगळी धावून येता. असं बोलू नये अव्वा, शंभर वर्षं जगशील अव्वा. मग मी गप्प बसते." तिनं माझ्या मांडीवरच्या पुस्तकाकडं हात केला. "हिच्या ह्या पुस्तकात निदान मरणाचं नाव घेतात तरी. सरळ घेतात. आठवडाभर ऐकतेय, इतकं बरं वाटतंय म्हणून सांगू. त्या तुळसाबाईला कुणी म्हणत नाही, गप पड, काही होत नाही तुला."

 मी तिचा दुसरा हात धरून बसले. तिचा म्हणजे आत्याचा, हे सांगायला नको.

चन्नूदादानं नाक पुसलं. मग दुकानात गिऱ्हाइकाशी बोलतो तसा एकदम पक्क्या आवाजात म्हणाला, "पाय मी आणतो."

"कुठं?"

"शेतात. वैराग रस्त्याला, अप्पांपाशी. तुझी जागा आहे ना त्यांच्या डाव्या अंगाला, तिथं ठेवतो. माझ्या हातानं. तू जाशील तेव्हा तुला तिथंच बसवायचं, त्याच्यावर. मग झाली का नाही मांडी पुरी?"

आत्या त्याच्याकडं बघत राहिली. बाजारात भाजी घेताना बघायची तशी, खालून वरून.

"स्वामी चालवून घेतील?"

चन्नूदादानं तिथूनच गावच्या स्वामींना फोन लावला. स्वामी म्हणाले, शास्त्राचं मी बघून घेतो, आधी बाईला जगवा; तिचाच देह आहे, पुढं-मागं पोचला म्हणून काय बिघडतंय. हे आत्यानं स्वतः फोन कानाला लावून त्यांच्याकडून पुन्हा वदवून घेतलं.

मग डॉक्टर राऊळना बोलावलं. बिचारे पळत आले, वाटलं काहीतरी बिघडलं. आत्या उठून बसलेली.

"डॉक्टर, पाय आम्हाला परत देणार का?"

डॉक्टर आमच्या तोंडाकडं बघायला लागले. चन्नूदादानं समजावलं. "हां, म्हणजे... मागितला तर देतो आम्ही घरच्यांना. लेखी द्यावं लागतं. पण आजी, तुम्ही हो म्हणताय?"

"नीट गुंडाळून द्यायचा. पिशवीत कोंबून नाही. नवं कापड आम्ही आणतो. आणि गुडघा राहणार म्हणालात, ते खरं ना? गुडघा पाहिजे मला. मांडी त्याच्यावरच असते."

"गुडघा राहील, आजी."

"मग कापा," आत्या म्हणाली. "आणि एका घावात करा. ती तुळसाबाई बघा, पहिला घाव वाया घालवला तिनं."

डॉक्टरांना तुळसाबाई कोण ते कळलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

सकाळी न्यायला आले. हिरवा झगा, केस टोपीत कोंबलेले, आत्या एकदम लहान दिसत होती. चन्नूदादाच्या काखेत पांढऱ्या कापडाची घडी, नवीकोरी. सून भिंतीशी डोळे पुसत उभी. मी देवाचं नाव घेत होते आणि जमिनीकडं बघत होते, कारण पट्टी सोडलेली होती आणि मला तो पाय बघायचा नव्हता. स्ट्रेचर दारापर्यंत गेलं तशी आत्या म्हणाली, "थांबा जरा."

थांबले. ती कोपरावर उठली. मला म्हणाली, "मंगल, विभूती दे."

डबी माझ्या पिशवीत होती. मी दिली, आणि मग बघावंच लागलं. पाऊल काळंठिक्कर पडलेलं, बोटाच्या जागी खळगा. तिनं तीन बोटं विभूतीत बुडवली, वाकली, आणि नडगीवर आडवे तीन पट्टे ओढले. लग्नात नवऱ्यामुलाच्या कपाळाला लावावेत तसे सावकाश, सरळ. कसं काय कोण जाणे, पण मला चक्कर आली नाही. मग तिनं नडगीवरून हात फिरवला आणि त्या पायाशी बोलली. आमच्या कुणाकडं बघितलं नाही.

"लई चाललास बाबा माझ्यासाठी. आता हो पुढं. त्यांच्या डाव्या बाजूला जागा आहे, तेवढी धरून ठेव. मी येते सावकाश. मला काही घाई नाही."